मुक्काम जळकोट, परदेश

जळकोट, ता. तुळजापूर
डिसेंबर २०२५

प्रिय सोमेश,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे अप्पा आणि मी. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस पण उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आरोहीला विचारूनच पाठवतेय. ती म्हणाली, "अक्का, पत्र मी त्यांच्या हातात देते, पुढचं तुम्ही आणि ते बघा." तुझी बायको शहाणी आहे, माझ्या धाकट्या तम्मा. तिनं माझ्यासाठी आणखी एक काम केलंय, ते पुढं येईलच. त्यावरून तिच्यावर चिडू नकोस.

त्या दिवसाचं तुला अर्धंच माहीत आहे. अप्पांनी फोनवर तीन-चार वाक्यं सांगितली, तू एक प्रश्न विचारलास आणि फोन ठेवलास. म्हणून मी पहिल्यापासून लिहिते. खरं सांगू, मला स्वतःलाच ते ओळीनं लिहून बघायचंय. अजूनही सकाळी घाण्याचं शटर वर करताना मधेच हात थांबतो आणि वाटतं, हे आपल्या घरात घडलं? आपल्या? जिथं भाजीत मीठ जास्त पडलं तरी अख्ख्या गल्लीला कळायचं?

तू गेलास तेव्हा हायवेच्या कडेचा आपला करडईचा लाकडी घाणा एका खोलीत होता. आता बचत गटातल्या बायकांनी मिळून त्याची कंपनी केलीय. मी अध्यक्ष, धुरपदाबाई आणि कोंडाबाई संचालक. कंपनीच्या नावानं खातं काढायला आणि नव्या फिल्टरसाठी कर्ज मागायला जुलैमधे आम्ही तुळजापूरच्या बँकेत गेलो. अप्पा जामीनदार म्हणून सोबत होते, इस्त्रीचा सदरा घालून, पाटबंधारे खात्यात साइटवर जायचे तसे. बँकेच्या अर्जात एक पान असं असतं की माणूस ते न वाचताच भरतो. तुमचा जन्म कोणत्या गावी, कोणत्या देशात, भारताबाहेर कुठं कर भरायला तुम्ही बांधील आहात का. खाली बारीक अक्षरात, वरील माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास मी जबाबदार. मी ‘सोलापूर, भारत’ लिहिलं, ‘नाही’वर खूण केली आणि सहीला पेन टेकवला.

अप्पांनी त्या कागदावर पंजा ठेवला.

"सही करू नको," म्हणाले. "त्ये खोटं हाय. तुझा जन्म सोलापूरचा न्हाय."

मॅनेजर मॅडमना वाटलं तालुका चुकला असेल. त्यांनी हसून विचारलं, "मग कुठला काका? बार्शी?" अप्पा म्हणाले, "टोलेडो. ओहायो राज्य. अमेरिका." आणि मग प्यायला पाणी मागितलं.

मी हसले रे. खरंच हसले. मॅडमना म्हटलं, यांना बीपीच्या गोळीनं कधी कधी असं होतं. धुरपदाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी अप्पांच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझं हसू तिथंच थिजलं. अव्वाला दवाखान्यातून शेवटचं घरी आणल्यावर अंगणात उभे होते, तसं ते तोंड होतं. त्यांना काही भ्रम झालेला नव्हता. मॅडमनी हळूच तो कागद स्वतःकडं ओढला आणि म्हणाल्या, "ताई, जन्म अमेरिकेतला असेल तर तिथला कर-क्रमांक लागतो, नाहीतर नागरिकत्व सोडल्याचा दाखला. तोवर मला हा अर्ज पुढं नेता येणार नाही." त्यांचं काहीच चुकलं नाही. पण नागरिकत्व हा शब्द मी माझ्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकत होते. मतदान करताना बोटाला शाई लागते त्याच्यापलीकडं त्याचा काही अर्थ असतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

परत येताना नळदुर्ग ओलांडल्यावर गाडीत कोंडाबाईंनी एकदा विचारलं, "म्हंजी पोरगी इंग्रजाची म्हनायची का?" धुरपदाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. घरी आल्यावर अप्पांनी एवढंच सांगितलं. पुण्याच्या कारखान्यानं त्यांना यंत्रं शिकायला दोन वर्षं तिकडं पाठवलं होतं, अव्वा सोबत होती, मी तिथं जन्मले, आणि महिन्या-दीड महिन्याची असताना माझं नाव अव्वाच्या पासपोर्टात चढवून मला इकडं आणलं. आपल्याला काय माहीत होतं? अप्पा लग्नानंतर कंपनीच्या कामानं काही काळ बाहेर होते, एवढंच. मी विचारलं, मग सोलापूर का सांगितलं? अप्पा म्हणाले, "तुझ्या अव्वानं सांगितलं होतं." मग त्यांनीच म्हटलं, सोमेशला लाव फोन, त्याला दुसऱ्याकडून कळायला नको.

पुढचं तुला माहीत आहे. तू पण आधी हसलास, माझ्यासारखाच. म्हणालास, "म्हणजे मी इथं आठ वर्षं घासतोय आणि खरी अमेरिकन जळकोटला तेल गाळतेय?" त्यानंतर मला तुझ्या घरातल्या फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. आणि मग तू विचारलंस, "अप्पा, अव्वाच्या वेळी पण तुम्हाला हे माहीत होतं?" अप्पा म्हणाले, "व्हय." फोन बंद.

तुझा प्रश्न मला लगेच कळला नाही, अप्पांना कळला. ते तसेच फोनकडं बघत बसले. रात्रीची भाकरी केली तशी राहिली. कोरोनाच्या त्या मे महिन्यात तू तिकडं किती तडफडलास ते मी विसरले नाही. निघालास तर परत येता येणार नाही, व्हिसाच्या सगळ्या कचेऱ्या बंद, चिन्नी तीन महिन्यांची, आणि इकडं सोलापूरच्या दवाखान्यात अव्वा तुझं नाव घेतेय. तू व्हिडिओवर बघितलंस ते शेवटचं. तुला वाटलं असणार, अक्काचं हे आधी कळलं असतं तर अव्वा तुझ्याजवळ असती. मी नंतर चौकशी केली. नागरिक लेकीला आईला तिकडं न्यायचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी मला तिथं राहायला जावं लागलं असतं, बिऱ्हाड करावं लागलं असतं, मग तिचं बघितलं असतं. झालं असतं की नसतं, कुणीच सांगू शकत नाही. मी तुझी समजूत काढत नाहीये. कदाचित झालंही असतं.

तुझ्या वर्गातला सिद्धाराम आठवतो? आता सोलापुरात सीए आहे, सात रस्त्याला ऑफिस आहे. मी त्याच्याकडं गेले. पहिल्या दिवशी त्यालाही खरं वाटेना. आठवड्यानं त्यानं बोलावलं, चहा मागवला आणि मला समजावून सांगितलं. बहुतेक देश जो तिथं राहतो त्याच्याकडून कर घेतात. अमेरिका मात्र आपल्या नागरिकाकडून हिशेब मागते, मग तो जगाच्या पाठीवर कुठंही असो. दरवर्षी विवरण भरायचं. इथं भरलेला कर तिथं वळता होतो, म्हणून पैसे बहुधा द्यावे लागत नाहीत, पण विवरण न भरणं हा गुन्हा. शिवाय परदेशी बँकांतली खाती वेगळी कळवायची. मी म्हटलं, माझं परदेशात खातं कुठंय? तो म्हणाला, "अक्का, त्यांच्या लेखी तुम्ही परदेशात राहणाऱ्या अमेरिकन आहात."

"कुठल्या परदेशात?"

"जळकोटला."

सोमेश, मी त्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. खाली एक माणूस गाड्यावर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकत होता. मला एकदम वाटलं, उठून त्याला विचारावं, बाबा, मी कुठली दिसते? ज्या गावात मी पाटी-दप्तर घेऊन शाळेला गेले, जिथल्या विहिरीत तू मला पोहायला शिकवताना बुडवलंस, जिथं अव्वाची समाधी आहे, ते माझं परदेश? आणि ज्या गावाचं नाव मी त्या आठवड्यापर्यंत ऐकलंही नव्हतं ते माझं घर? मी सिद्धारामला विचारलं, मी इथली तरी आहे ना रे? तो म्हणाला, आहात, अप्पा भारतीय म्हणून तुम्हीही जन्मापासून भारतीय, ते कुणी काढून घेत नाही. पण उद्या तिकडं जायचं म्हणून त्यांचा पासपोर्ट घेतलात की इथलं गेलं. आणि त्यांची नागरिक असताना साधा पाहुण्याचा व्हिसाही ते देत नाहीत. म्हणजे बघ. मला तुझ्या घरी चार दिवस यायचं तर इथली मी उरत नाही, आणि इथली राहायचं तर तुझ्या दाराशी येता येत नाही.

खरा धक्का पुढंच होता. ज्या खात्यावर माझी सही चालते ते खातंही कळवायचं, मग त्यातले पैसे माझे नसले तरी. म्हणजे बचत गटाचं खातं. मी घाण्यावर बायकांना बसवून हे सांगितलं. कसं सांगायचं हेच कळत नव्हतं. कोंडाबाई म्हणाल्या, "आमी शेळ्या इकून, खुरपून भरलेलं पैसं. त्येचा हिशेब त्या अमेरिकेला कशापायी? आमचं काय देनं लागतंय का तिचं?" मी म्हटलं, नुसती माहिती द्यायची, कुणी पैसे नेणार नाही. त्यांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी तिघीजणी पासबुक घेऊन तालुक्याला जाऊन आल्या, शिल्लक आहे का बघायला. मला सांगितलं नाही. मला चहावाल्याकडून कळलं. सात वर्षं आम्ही एका ताटात जेवतोय, सोमेश. त्या दिवशी दुपारी मी डबा उघडला तर माझ्या शेजारची जागा रिकामी. कुणी भांडलं नाही. मीच मग गटाच्या बैठकीत सांगितलं, सहीवरून माझं नाव काढा, कंपनीचं अध्यक्षपदही दुसऱ्या कुणी घ्या. वाटलं होतं कुणीतरी नको म्हणेल. सगळ्यांनी हात वर केले. धुरपदाबाईंनी शेवटी केला, पण केला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "सही दुसऱ्याची असू दे, घाना तुजाच हाय." मी हसले, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

आता जे लिहितेय ते तुला माहीत नाही. तू फोन ठेवलास त्यामुळं तुला ते कुणी सांगितलंच नाही, आणि मलाही सिद्धारामच्या एका वाक्यामुळं कळलं. तो म्हणाला, ज्यांना खरंच माहीत नव्हतं त्यांच्यासाठी दंड न घेता मागचं सगळं नियमित करून द्यायची सोय आहे. मागच्या काही वर्षांची विवरणं भरायची आणि सोबत शपथेवर लिहून द्यायचं की आजवर का भरली नाहीत. मी म्हटलं, लिही, माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अक्का, तेवढ्यावर भागत नाही. जन्म कुठं झाला हे बत्तीस वर्षं कसं माहीत नव्हतं, ते सविस्तर सांगावं लागतं. खरं कारण. नाहीतर ते खोटं धरतील." मी घरी आले आणि अप्पांसमोर लॅपटॉप उघडून बसले. म्हटलं, अप्पा, मला आता अमेरिकेच्या कर खात्याला उत्तर द्यायचंय. अव्वानं का सांगितलं होतं?

सकाळची वेळ होती. अप्पा मग म्हणाले, लिही. ते आपल्या बोलीत सांगत गेले, कधी मराठी, कधी कानडी, आणि मी इंग्रजीत टाइप करत गेले. इतकं विचित्र काम मी आयुष्यात केलं नाही.

अव्वाचं माहेर लोहारा तालुक्यातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं, आजी-आजोबा आणि महादेवी मावशी गेले, हे आपल्याला माहीत होतं. वर्ष माहीत होतं. माझा जन्मही त्याच सप्टेंबरचा, हेही माहीत होतं. तरी आपण दोघांनी कधी ते शेजारी ठेवून बघितलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अव्वा सातव्या महिन्यात यायला निघाली होती. तिकीट काढलं होतं. इकडं आजीनं मधली खोली सारवून ठेवली, मावशीनं हौसेनं पाळणा बांधला, रंगीत दोऱ्या लावून. पण तिथल्या डॉक्टरनं अव्वाच्या पायावरची सूज बघितली, रक्तदाब बघितला आणि विमानात बसायला साफ मनाई केली. अव्वा रडली, भांडली, अप्पांशी दोन दिवस बोलली नाही. शेवटी टोलेडोच्या दवाखान्यात मी झाले. आणि मी पाळण्यातली असतानाच अप्पांनी टीव्हीवर किल्लारीचं नाव ऐकलं. आपल्या भागातल्या गावाचं नाव त्या टीव्हीवर का येतंय, हेच त्यांना आधी कळेना. मग चित्रं दिसली. फोन लागत नव्हता. किती दिवस लागला नाही. एका रात्रीत मागं काय राहिलं आणि काय गेलं ते शेवटी कुणीतरी मुंबईहून कळवलं.

नोकरी सोडून ते आले. अव्वा बाळंतीण, मी तिच्या अंगावर. गावाच्या जागी दगडमातीचे ढीग आणि पुढं पत्र्याची शेडं. अप्पा म्हणाले, शेडातल्या बायका अव्वाच्या गळ्यात पडायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं गं चन्नम्मा, तू तिकडंच ऱ्हायलीस. लेक वाचली तुजी." एक आली की म्हणायची, दुसरी आली की म्हणायची. वाईट हेतूनं नाही. आणि त्यातल्याच एकीनं सांगितलं की महादेवी मधल्या खोलीत झोपायला लागली होती, ताई येईल तेव्हा येईल, तोवर पाळण्याची राखण करते म्हणून. ती त्या पाळण्याखालीच सापडली.

इथं अप्पा थांबले. पडद्यावर ‘cradle’ हा शब्द अर्धा टाइप झालेला होता.

त्या संध्याकाळी अव्वानं अप्पांना सांगितलं, ही पोरगी सोलापूरची. आजपासून हिचा जन्म सोलापूरचा. त्या टोलेडोचं नाव पुन्हा माझ्यासमोर नको, आणि माझी लेक वाचली असं मला कुणी म्हणायला नको. अप्पांनी हो म्हटलं. मग दोन-अडीच वर्षं सोलापुरातच काढून ते जळकोटला आले, तोवर कुणाला काही विचारायचं कारणच उरलं नव्हतं. आणि अव्वा गेल्यावरही अप्पांनी तो शब्द पाळला. "म्या तिला वचन दिलं व्हतं," म्हणाले, "पर सहीखाली खोटं लिहायचं वचन न्हवतं दिलं."

तुला आठवतं? चिन्नीच्या बारशाला तू व्हिडिओवर पाळणा दाखवत होतास, आरोहीच्या मैत्रिणींनी फुलांनी सजवलेला. अव्वा बघता बघता उठली आणि आत निघून गेली. तू मला नंतर म्हणालास, अव्वाला मुलगी झालेली आवडली नाही का? मी तुला म्हटलं होतं, तिला उन्हाचा त्रास होतोय. आपण दोघंही किती लांब होतो तिच्यापासून, एका घरात वाढून.

ते निवेदन मी पूर्ण केलं. भूकंपाची तारीख लिहिली, मावशीचं नाव लिहिलं, पाळण्याचं लिहिलं. कुठल्या तरी शहरातल्या कचेरीत कुणीतरी अनोळखी बाई किंवा बाप्या ते वाचेल, मान हलवेल किंवा हलवणारही नाही, आणि पुढच्या फायलीकडं वळेल. आपल्या घरातलं जे आपण एकमेकांना सांगितलं नाही ते मी कर खात्याला शपथेवर सांगितलं. अर्जावर माझा तिथला क्रमांक हवा होता. त्याचा कागद घरात कुठंच नव्हता. अप्पांनी डोळे मिटले आणि तो क्रमांक म्हणून दाखवला, एकही आकडा न अडखळता. म्हणाले, "लेकीचा नंबर हाय. कसा इसरन?" सिद्धारामनं तो तपासून घेतला. बरोबर होता. टोलेडोचा जन्मदाखला आरोहीनं मागवून मला पाठवला, तेच तिचं काम. तुला न सांगता केलं, कारण तू माझ्या मेसेजला उत्तरही देत नव्हतास. कराचा एकही पैसा द्यावा लागला नाही. सिद्धारामची फी सोडली तर अमेरिकेचा आणि माझा हिशेब शून्यावर मिटला.

मी तिथलं नागरिकत्व सोडायचं म्हणतेय असं कळवल्यावर एकच मेसेज तू मला केलास, ऑगस्टमधे. "ते सोडू नकोस अक्का. सोडलंस तर पुन्हा मला फोन करू नकोस." तो मी कितीदा वाचला असेल. तू रागानं लिहिलं नव्हतंस, घाबरून लिहिलं होतंस, हे मला कळतं. ज्या गोष्टीसाठी तू रोज जीव मुठीत धरून नोकरी करतोस, व्हिसाचा नियम बदलला की दोघं नवराबायको जागे राहता, ती माझ्याकडं फुकट पडलेली आणि मी ती टाकून देणार. माझ्या बाबतीत उलटं झालं असतं तर मीही चिडले असते. पण मी काय करू, सोमेश? देता येण्यासारखी असती तर तुझ्या दारात आणून ठेवली असती. भावासाठी अर्ज करता येतो, तोही सिद्धारामनं बघितला. त्याचा नंबर लागेपर्यंत चिन्नीचं लग्न होऊन जाईल. आणि तोवर मी इथं दरवर्षी परदेशात राहणारी म्हणून लिहायचं, घाण्यावर कुठल्याच कागदावर सही करायची नाही. ते मला जमणार नाही. जळकोटला परदेश लिहिताना माझा हात चालत नाही.

नोव्हेंबरमधे मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन मी ते नागरिकत्व सोडून आले. अप्पा बाहेर रस्त्याच्या पलीकडं थांबले होते. काचेपलीकडची बाई वयानं माझ्याएवढीच असेल. तिनं दोनदा विचारलं, कुणाच्या दबावाखाली करता का, परिणाम माहीत आहेत का, हे परत मिळत नाही. मग मला उभं करून शपथ वाचायला दिली. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. पण जन्मदाखल्यावरचं गाव तिनं मोठ्यानं उच्चारलं, आणि मी हातातला कागद खाली ठेवला. त्या गावातल्या एका डॉक्टरनं नाही म्हटलं म्हणून मी आज उभी आहे, आणि मी त्या गावाची शेवटची गाठ सोडायला आलेय. तिनं विचारलं, थांबायचंय का? मी नाही म्हटलं आणि वाचलं. बाहेर आल्यावर अप्पा मला खायला घेऊन गेले. हॉटेलात त्यांनी इडली मागवली आणि मला स्वतःच्या हातानं चटणी वाढली. पक्का दाखला यायला काही महिने लागतील. तो आला की मीही इतरांसारखी पाहुणी म्हणून व्हिसाचा अर्ज करीन. मिळाला तर मिळाला.

तर हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिलं, असं मी आरोहीला सांगितलंय. पण खरं कारण ते नाही. मुंबईहून आल्यावर आठवड्यानं अप्पा मला म्हणाले, "त्येला येता येत न्हाय, तुला अजून जाता येत न्हाय. तवा म्याच जाऊन येतो." मला आधी कळलंच नाही कुठं. जुलैपर्यंत बत्तीस वर्षांत त्यांनी आपण तिथं राहिल्याचं घरात कधी काढलं नव्हतं. त्यांनी सोलापूरला जाऊन पासपोर्ट काढला, एकट्यानं, मला न सांगता, फोटोसाठी दाढी करून. काल आम्ही व्हिसाचा अर्ज भरायला बसलो. ते सांगत होते, मी टाइप करत होते. पूर्वी कधी गेला होता का, होय. कुठं, तेही त्यांनी सांगितलं, स्पष्ट आवाजात. मग प्रश्न आला, तिथं कुणाला भेटणार आहात, त्याचं तुमचं नातं काय. मी तुझं नाव लिहायला लागले तर अप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, "थांब. त्येला इचार आदी. त्यो मला बाप म्हनत असंल तरच लिही, न्हायतर ह्ये बी खोटंच व्हईल." सोमेश, तो रकाना रिकामा ठेवून मी लॅपटॉप बंद केलाय. अप्पा बाहेर ओट्यावर बसलेत, पोस्टाची वेळ चुकेल म्हणून मला घाई करतायत. मी काय लिहू, तेवढं कळव.

तुझीच,
अक्का